न आठवणारे बालपण

ज्या घरी नुकतेच बाळंतपण झाले आहे, त्या घरच्या न्हाणीघरात सकाळच्या वेळी डोकावण्याचा प्रसंग ज्यांना आला असेल, त्यांना तिथल्या सोहळ्याचे वर्णन निराळे करून सांगण्याची गरज नाही. न्हाऊ घालणारी बाई पाटावर बसून दोन्ही पाय लांब सोडते, हातभर लांबीच्या त्या जिवाला नडग्यांवर पालथे घालते, कोमट तेलाचा तळवा पाठीवरून वरपासून खालपर्यंत फिरवते, टाळू भरते, आणि मग घंगाळातल्या ऊन पाण्याचे तांब्ये एकामागून एक अशा बेताने ओतते, की आरंभी टिपेला गेलेले रडणे हळूहळू हुंकारावर येऊन शेवटी धुरीच्या शेगडीपाशी झोपेत विरून जाते. माझ्या भाच्याला न्हाऊ घालायला येणाऱ्या बाई त्याने तोंड वेंगाडले रे वेंगाडले, की “आले हं, आले, झालंच आता” असे पुटपुटत. आणि ज्याला भाषेचा गंधही नव्हता त्या पोरावर त्या शब्दांचा परिणाम एखाद्या सरकारी हुकमासारखा तात्काळ होई.

तो भाचा आता चाळिशीला आला आहे. या बाई त्याला आठवत नाहीत, आणि आठवत नाहीत यात त्याचा काही दोष नाही. कारण आयुष्याच्या पहिल्या तीन-साडेतीन वर्षांतले बहुतेक कोणालाच आठवत नाही. मोठेपणी आपण आपल्या जडणघडणीची कैफियत मांडतो, तेव्हा शाळेतली छडी, यात्रेत हरवल्याची भीती, वडिलांनी आणलेली पहिली सायकल असे ठसठशीत प्रसंग पुरावा म्हणून पुढे करतो. ज्या काळाचा एकही साक्षीदार स्मृतीपाशी नाही, तो काळ मात्र जमाखर्चातून वगळतो. विज्ञानाने अलीकडच्या काही दशकांत जे दाखवून दिले आहे, ते या हिशेबाला धक्का देणारे आहे: स्मृतीच्या दप्तरी ज्याची नोंद नाही, त्याची नोंद शरीराच्या दप्तरी झालेली असते.

हे दप्तर उघडून पाहण्याचा मान कॅनडातील मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या उंदरांकडे जातो. मायकेल मीनी व त्यांचे सहकारी यांच्या असे ध्यानी आले, की पिलांना चाटूनपुसून साफ करण्याच्या बाबतीत सगळ्या उंदीरमाता सारख्या नसतात. काही अखंड चाटत राहतात, काही जेवढ्यास तेवढे करतात. भरपूर चाटली गेलेली पिले मोठेपणी संकटात घाबरतात खरी, पण लवकर सावरतात. उपेक्षित पिलांचे भय मात्र ओसरता ओसरत नाही. हे गुण रक्तातून उतरले म्हणावे, तर या संशोधकांनी पिलांची जन्मतःच अदलाबदल करून पाहिली. तेव्हा उदासीन आईची पिले मायाळू आईच्या कुशीत वाढली असता शांत प्रकृतीची निघाली, आणि त्यांतल्या माद्या पुढे आपल्या पिलांनाही तशाच चाटू लागल्या.

यामागची यंत्रणा 2004 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात उलगडली. संकटसमयी रक्तात जे ताणाचे संप्रेरक उतरते, त्याला “आता पुरे” असे सांगण्याचे काम मेंदूच्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागातील विशिष्ट ग्राही प्रथिने करतात. ती मुबलक असली, की धोका टळताच भयाचा बंदोबस्त उठतो. तुटपुंजी असली, की चोर निघून गेल्यावरही पहारा चालूच राहतो. हे प्रथिन घडवणाऱ्या जनुकाच्या आरंभस्थानी मिथायल नावाचे सूक्ष्म रासायनिक गट चिकटलेले असतात आणि ते त्या जनुकाला गप्प ठेवतात. आईच्या चाटण्याने पिलाच्या पहिल्या आठवड्यातच हे गट तेथून हटतात, जनुक बोलते होते, आणि ही मोकळीक प्रौढपणापर्यंत टिकते. जनुकाची मूळ संहिता अक्षरशः तीच राहते. बदलते ते तिच्यावरचे मोहोरबंद लखोटे. याच प्रयोगात प्रौढ उंदरांच्या मेंदूत एक औषध सोडले असता हा परिणाम पालटलाही, म्हणजे हा लेख शिलालेखासारखा अमिट नव्हता.

उंदरांवरून माणसाची परीक्षा करू नये हे खरे. पण माणसाच्या बाबतीत जो प्रयोग कोणी शास्त्रज्ञ करण्यास धजला नसता, तो एका राजवटीने करून ठेवला. रुमानियाचे हुकूमशहा निकोलाय चाउशेस्कू यांनी 1966 साली लोकसंख्या वाढवण्याच्या हव्यासापायी गर्भपातावर जवळजवळ संपूर्ण बंदी घालणारे फर्मान काढले आणि अपत्यहीनांवर कर बसवला. दारिद्र्याने पिचलेल्या कुटुंबांनी नकोशी झालेली मुले सरकारच्या स्वाधीन केली, आणि डिसेंबर 1989 मध्ये ती राजवट कोसळली तेव्हा एक लाखाहून अधिक मुले सरकारी संस्थांत होती. तेथे गेलेल्या पाहुण्यांना सर्वाधिक अस्वस्थ केले ते तेथील शांततेने. ओळीने मांडलेल्या पाळण्यांत तान्ही मुले निमूट पडून छताकडे पाहत असत, थोडी मोठी मुले स्वतःलाच झुलवत बसत. रडले असता कोणी येत नाही, हा धडा त्यांनी रीतसर शिकून घेतला होता.

चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स व चार्ल्स झीना या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांनी पुढे बुखारेस्टमधील सहा संस्थांतल्या 6 ते 31 महिने वयाच्या 136 मुलांचा अभ्यास आरंभला. देशात प्रतिपालक कुटुंबांची पद्धत जवळजवळ नव्हतीच, म्हणून त्यांनी अशी कुटुंबे स्वतः तयार केली आणि निम्मी मुले चिठ्ठ्या टाकून त्यांच्याकडे सोपवली. उरलेल्यांना पुढे दुसरे घर मिळाल्यास आडकाठी नव्हती. तरीही चिठ्ठीने एका मुलाला घर मिळावे आणि शेजारच्या पाळण्यातल्याला न मिळावे, हे वाचताना मन विषण्ण होते, आणि ते तसे व्हावे हेच योग्य. साडेचार वर्षांच्या वयात घेतलेल्या चाचणीत संस्थेसाठी चिठ्ठी निघालेल्यांचा सरासरी बुद्ध्यंक 73, प्रतिपालकांकडे गेलेल्यांचा 81, तर जन्मापासून स्वतःच्या घरी वाढलेल्या बुखारेस्टच्या मुलांचा 109 भरला. त्यातही जी मुले दोन वर्षांची होण्याच्या आत घरात आली, त्यांनी अधिक भरपाई केली. आठव्या वर्षीच्या विद्युत्‌आलेखांत या लवकर घरी आलेल्यांचा मेंदू घरच्या मुलांच्या मेंदूच्या जवळ पोहोचलेला दिसला.

एवढ्यावरून बालपण म्हणजे ब्रह्मलिखित असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. तो हवाई बेटांपैकी काउआई नावाच्या बेटावरील हकीकत ऐकल्यावर ओसरतो. तेथे 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा माग एमी वर्नर यांनी सुमारे चार दशके काढला. त्यांपैकी सुमारे 200 मुले दारिद्र्य, व्यसनाधीन अथवा मनोरुग्ण पालक, घरातील कलह अशा अनेक आपत्तींच्या छायेत वाढली होती, आणि त्यांच्यातील दोन-तृतीयांश पुढे अडचणीत सापडली. उरलेली 72 मात्र कर्तबगार, मायाळू, आत्मविश्वासाची माणसे झाली. त्यांच्या आयुष्यांत वर्नर यांना पुन्हा पुन्हा आढळले, ते निदान एका वडीलधाऱ्या माणसाचे अढळ प्रेम: कधी आजी, कधी मावशी, कधी शिक्षक. शिवाय किशोरवयात वाया गेलेल्यांपैकीही बरेच जण तिशी-चाळिशीपर्यंत शिक्षण, सैन्यातील नोकरी किंवा समंजस जोडीदार यांच्या आधारे मार्गी लागले होते.

मॉन्ट्रियल, बुखारेस्ट आणि काउआई यांच्या साक्षी एकत्र वाचल्या, की त्यांचा रोख एकाच गोष्टीकडे जातो. मुलाला घडवणारी शक्ती फारशी नाट्यमय नसते. हाक दिली असता कोणीतरी येते हा अनुभव रोजच्या रोज, शेकडो वेळा, विनातक्रार मिळत राहणे, हेच तिचे स्वरूप. हाकेला येणारी व्यक्ती आईच असली पाहिजे असेही नाही. पगारी बाईचा तेलकट हातही ते काम करू शकतो, आणि ज्या माउलीला पहाटे सातव्यांदा उठवले असता राग आला, तिने अपराधी वाटून घेण्याचेही कारण नाही. एका दिवसाच्या चुकीने हे दप्तर बिघडत नाही. ते वर्षांच्या वहिवाटीने लिहिले जाते.

1945 साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी गावी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडी सुरू केली, तेव्हा जी मुले शाळेत येत नव्हती त्यांच्या वस्तीत शिक्षिकाच जाऊन पोहोचल्या, आणि पाटी-पुस्तकाच्या आधी त्यांनी मुलांना आंघोळी घातल्या, नखे काढली, केस विंचरले. मिथायलचे नावही त्यांच्या कानी गेलेले नव्हते. पण अंगावरून पाणी ओतणारा हात हा शिक्षणाचा पहिला धडा असतो, ही गोष्ट त्यांना आणि आमच्या घरी येणाऱ्या त्या बाईंना सारखीच ठाऊक होती. भाच्याला परवा मुलगी झाली. तिला पहिले न्हाऊ घालताना ती रडू लागली, तेव्हा दाराशी उभा असलेला तो नकळत पुटपुटला: “आले हं, आले, झालंच आता.” हे शब्द कोठून शिकलास असे मी विचारले, तर त्याला सांगता आले नाही.