दाह, लेप आणि प्रमाण : घरच्या त्वचालेपाचं तर्कशास्त्र

(उन्हाळी व्याख्यानमालेतील भाषणाचं शब्दांकन)

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी मला विचारलं, ‘सर, आयुष्यभर न्याय-वेदान्त शिकवलात, आता मलमं शिकवणार का?’ मलमं शिकवणार नाही. पण मलमाबद्दल आपण जे बोलतो ते कितपत खरं, हे तपासणं माझ्या विषयातच बसतं. ‘हे लावलं आणि बरं वाटलं’ हे एक विधान आहे. त्याला आधार काय, हा प्रमाणशास्त्राचा प्रश्न झाला.

प्रश्न आपल्या गावचाही आहे. सोलापूरचा मे महिना तुम्हाला मी सांगायला नको. पारा चाळीसच्या वर, हवा कोरडी, त्यात उन्हातली कामं. अंगाची आग, घामोळं, भेगा हे घरोघरचं दुखणं. म्हणून कोरफड, चंदन, हळद, तूप हे घरोघरचे उपाय. आता त्यात मोबाईलवरून आलेली नवी नावं मिसळली आहेत : नायसिनामाइड, पॅन्थेनॉल, अ‍ॅलॅन्टोइन. मुली ऑनलाइन पुड्या मागवतात आणि स्वयंपाकघरात क्रीम करतात. करू नका असं मी म्हणणार नाही. समजून करा, एवढंच म्हणणार आहे.

आधी भिंत समजून घ्या

त्वचेचा सगळ्यात वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. आपला भुईकोट किल्ला डोळ्यापुढे आणा. विटा म्हणजे चपट्या, कोरड्या पेशी. मधला चुना म्हणजे स्निग्ध पदार्थ : सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं. हा चुना शाबूत असेल तर आतलं पाणी आत राहतं आणि बाहेरचा त्रास बाहेर. चुना झिजला की पाणी उडून जातं, बाहेरचं काहीबाही आत शिरतं आणि शरीर प्रतिकार म्हणून लाल होतं, खाजतं, जळजळतं. यालाच आपण ‘दाह’ म्हणतो.

म्हणजे शामक पदार्थाला तीन कामं करता येतात. एक, भिंतीला वरून गिलावा करणं : तूप, तेल, मेण. दोन, भिंतीत पाणी धरून ठेवणं : ग्लिसरीन, पॅन्थेनॉल, कोरफडीचा गर. तीन, आतला क्षोभ कमी करणं : ओट, बिसाबोलॉल, नायसिनामाइड. कुठलाही एक पदार्थ तिन्ही कामं तितक्याच चांगली करत नाही. ‘सगळ्यावर एकच रामबाण’ असं कुणी सांगितलं की तिथेच सावध व्हा.

हळदीचा खटला

आता एक गोष्ट सांगतो. ती तुम्ही ऐकली असेल, पण तिचा दुसरा अर्धा भाग क्वचितच सांगितला जातो. १९९५ साली अमेरिकेत, जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर पेटंट दिलं गेलं. आपल्या सीएसआयआरने त्याला आव्हान दिलं. तेव्हा संस्थेचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर. सीएसआयआरने ३२ संदर्भ पुढे केले, त्यात जुने ग्रंथही होते, आणि १९९७ साली पेटंट रद्द झालं. आपल्याला अभिमान वाटला, तो रास्तच.

पण त्या निकालाने सिद्ध काय झालं? हळदीचा हा उपयोग नवा नाही, एवढंच. पेटंट नव्या शोधाला मिळतं. हा शोध जुना होता म्हणून ते गेलं. हळद जखमेवर किती गुण देते, कुणाला देते, किती प्रमाणात देते, हा प्रश्न त्या खटल्यात नव्हताच. ‘जुनं आहे’ आणि ‘गुणकारी आहे’ ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिल्यावरून दुसरं आपोआप निघत नाही. माझ्या आजच्या व्याख्यानाचं सार एका वाक्यात हवं असेल तर ते हेच आहे.

हळदीतला कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात बऱ्यापैकी विरघळतो. म्हणून पाण्यात कालवलेली हळद त्वचेला रंग पुष्कळ देते, आत फार कमी जाते. काहींना हळदीने पुरळही उठतं. शिवाय बाजारातल्या पुडीत भेसळीचा रंग असू शकतो. सांगलीची हळद नावाजलेली आहे, पण पुडीवर सांगली छापलं म्हणून आतली हळद सांगलीची ठरत नाही.

कावळा आणि ताडाचं फळ

आपल्याकडे ‘काकतालीय न्याय’ म्हणतात. कावळा बसायला आणि फळ पडायला एक गाठ. घामोळं पाच दिवसांत आपोआपही जातं. तिसऱ्या दिवशी लेप लावला आणि पाचव्या दिवशी ते गेलं, तर श्रेय लेपाला मिळतं. घरगुती उपायांची निम्मी कीर्ती अशी झालेली आहे.

मग खरं-खोटं कसं करायचं? नैयायिकांनी साधन देऊन ठेवलं आहे : अन्वय आणि व्यतिरेक. ते असताना हे होतं का, आणि ते नसताना हे होत नाही का? घरी हे सहज करता येतं. दोन्ही हातांची त्वचा सारखीच कोरडी असेल, तर उजव्या हाताला नवा लेप लावा, डाव्याला नुसतं तेल. बाकी साबण, पाणी, ऊन सारखंच. दोन आठवडे पाहा. दोन्ही हात सारखेच सुधारले, तर गुण तेलाचा होता आणि महागाची पुडी उगाच घेतली. चरकाने तर प्रत्यक्ष, अनुमान आणि आप्तोपदेश यांच्या जोडीला ‘युक्ती’ हे चौथं प्रमाण सांगितलं. अनेक कारणं एकत्र येऊन एक कार्य घडतं, ती जोडणी बुद्धीने पाहणं म्हणजे युक्ती. लेप करताना हीच लागते.

एकेक पदार्थ

कोरफड. पान कापलं की सालीलगत पिवळा चीक येतो. तो त्वचेला झोंबतो. पान कापून थोडा वेळ उभं ठेवा, चीक निथळू द्या, मग सालीपासून आतला पारदर्शक गर काढा आणि धुऊन घ्या. या गरात नव्व्याण्णव टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. त्यामुळे थंडावा खरा, पण टिकाऊपणा शून्य.

ओट. याला माझं झुकतं माप आहे, कारण पुरावा चांगला आहे. बारीक दळलेलं ओट २००३ साली अमेरिकेच्या औषध नियामकाने त्वचासंरक्षक म्हणून मान्य केलं. परीक्षा सोपी : चमचाभर पीठ ग्लासभर पाण्यात टाका. पाणी दुधासारखं झालं तर दळण बरोबर, तळाशी बसलं तर पुन्हा दळा. घामोळ्याच्या अंगाला हे पाणी लावून दहा मिनिटांनी धुवावं. दर वेळी ताजं करावं.

अ‍ॅलॅन्टोइन. ही पांढरी पूड पाण्यात साधारण अर्धा टक्काच विरघळते. शंभर ग्रॅम पाण्यात अर्ध्या ग्रॅमहून जास्त घातलीत तर ती वाळूसारखी कचकचते. जास्त घातलं म्हणजे जास्त गुण, हा आमटीतल्या मिठालाही न लागणारा नियम इथे कशाला लावता?

पॅन्थेनॉल एक ते पाच टक्के. लेप निवल्यावर घालावं, उष्णतेने ते बिघडतं. ग्लिसरीन पाच टक्क्यांच्या आसपास. ते कधी निखळ लावू नये. आपल्या कोरड्या हवेत ओढून घ्यायला बाहेर पाणीच नसतं, मग ते त्वचेतलंच ओढतं. पाण्यात मिसळून लावा आणि वरून तेलाचा हात फिरवा.

तेलाचं म्हणाल तर आपल्या मातीतली करडई आहे. तिच्या तेलात लिनोलेइक आम्ल भरपूर असतं आणि भिंतीच्या चुन्याला ते मानवतं. मात्र हे तेल लवकर खवट होतं, म्हणून थोडं आणा, अंधारात ठेवा. आणि एक साधा नियम : पाण्यात विरघळणारं पाण्यात, तेलात विरघळणारं तेलात. पॅन्थेनॉल, ग्लिसरीन पाण्यात. बिसाबोलॉल तेलात. उलटं केलंत तर पैसे गेले.

नावांचाही घोळ आहे. ‘ब्राह्मी’ म्हणून जी वनस्पती मिळते ती कुठे मंडूकपर्णी असते, कुठे जलब्राह्मी. त्वचेसाठी जिचा बोलबाला आहे ती मंडूकपर्णी. शब्द एक आणि पदार्थ दोन असले की अनुभवही दोन येणार. मग भांडण होतं, ‘मला गुण आला, तुला कसा नाही?’

कडक भाकरीचा धडा

सगळ्यात महत्त्वाचं आता सांगतो. आपली सोलापूरची कडक भाकरी महिनोन्‌महिने टिकते. तीच भाकरी मऊ असेल तर उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी वास येतो. पीठ तेच, फरक पाण्याचा. लेपाचंही हेच. नुसतं तेल आणि मेण असेल तर ती कडक भाकरी. पाणी, कोरफड, गुलाबपाणी, ओटचं दूध घातलं की ती मऊ भाकरी झाली. तिच्यात जंतू वाढणारच, आणि बुरशी डोळ्यांना दिसण्याच्या बऱ्याच आधीपासून ते वाढलेले असतात. ‘ई’ जीवनसत्त्व घातलं की टिकतं, असं सांगतात. ते तेलाला खवट होऊ देत नाही, एवढंच. जंतूंना ते अडवत नाही.

म्हणून घरी करायचंच तर बिनपाण्याचं करा. ऐंशी ग्रॅम तेल, वीस ग्रॅम मधमाशांचं मेण, गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवायचं, निवताना अर्धा ग्रॅम बिसाबोलॉल. नुसतं खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांना वितळतं, म्हणजे आपल्याकडे वर्षातले बहुतेक दिवस ते पातळच. मेण साठ अंशांच्या वर वितळतं, म्हणून हा लेप मे महिन्यातही डबीत बसून राहतो. भांडी कोरडी, हात कोरडे, चमचा कोरडा. पाण्याचा लेप केलात तर दोन दिवसांपुरता करा आणि फ्रीजमध्ये ठेवा.

शतधौत घृताचं अनेकजण विचारतात. चरकसंहितेत विसर्पाच्या, म्हणजे पसरत जाणाऱ्या दाहाच्या चिकित्सेत ते येतं. तूप पाण्याबरोबर घोटायचं, पाणी ओतून टाकायचं, असं शंभर वेळा. तुपाचा वास उतरतो, ते पांढरं आणि लोण्यासारखं होतं. कारण पाण्याचे बारीक थेंब तुपात अडकतात. म्हणूनच ते थंड लागतं, आणि म्हणूनच ते नुसत्या तुपाइतकं टिकत नाही. थोडं करा, लवकर संपवा.

‘नैसर्गिक आहे, काय होणार?’

या वाक्याला आपल्याकडे एकच उत्तर पुरे : बिब्बा. पूर्ण नैसर्गिक, आणि अंगावर फोड आणतो. लिंबूही नैसर्गिकच. त्वचेचा सामू पाचच्या आसपास, लिंबाचा दोनच्या. या मापात एक आकडा म्हणजे दहापट, म्हणजे लिंबू त्वचेपेक्षा सुमारे हजारपट आम्ल झालं. तो रस लावून आपल्या उन्हात गेलं तर भाजल्यासारखे काळे डाग पडतात. खायचा सोडा उलट बाजूने तेच नुकसान करतो.

आणि चिरलेल्या, खरचटलेल्या त्वचेवर खायचे पदार्थ लावू नका. जपानमध्ये गव्हाचं प्रथिन घातलेल्या चेहऱ्याच्या साबणामुळे दोन हजारांच्या आसपास लोकांना गव्हाची अ‍ॅलर्जी झाली. पोळी खाल्ली तरी त्रास व्हायला लागला. बाळाच्या खरजेवर बेसन, दूध, कणीक चोळताना हे आठवा.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न : आमच्या बचत गटाने असा लेप करून विकला तर चालेल का?*

ताई, घरी वापरणं वेगळं, विकणं वेगळं. विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधन करायचं तर परवाना लागतो. कायदा १९४० चा आहे आणि प्रसाधनांचे वेगळे नियम २०२० साली आले. अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात चौकशी करा. हा जाच वाटेल, पण त्याचं कारण समजून घ्या. गोरेपणाच्या बिननावाच्या डब्यांत पारा सापडतो आणि पारा मूत्रपिंडं निकामी करतो. आपल्या राज्यातही अशा बातम्या आल्या आहेत. काहींत स्टिरॉइड असतं. आठ दिवसांत चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, आणि लावणं थांबवलं की भडका उडतो. ज्या डबीवर घटक लिहिलेले नाहीत, ती घेऊ नका. तुमची डबी तशी नसावी.

*प्रश्न : नवा लेप लावण्याआधी तपासायचा कसा?*

कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाएवढ्या जागी, दिवसातून दोनदा, सात दिवस. एका रात्रीत निकाल लावू नका. अ‍ॅलर्जी दोन-तीन दिवसांनीही उठते. आणि एका वेळी एकच नवा पदार्थ. पाच एकदम घातले आणि पुरळ आलं, तर आरोपी कोण हे कसं ठरवणार?

*प्रश्न : सर, आमच्या आजीचं मग सगळं खोटंच म्हणायचं का?*

मुळीच नाही. आजीने तूप लावलं, भिंतीला गिलावा झाला, ते बरोबरच होतं. आजीला आपण आप्त मानतो, आणि आप्तवचन हे प्रमाण आहेच. पण चरकाने ते एकटं ठेवलेलं नाही, शेजारी तीन प्रमाणं आणखी बसवली आहेत. आजीने सांगितलेलं आधी लक्षात ठेवा, मग हातावर तपासा. आणि पाणी सुटतंय, पू आलाय, ताप आहे किंवा डाग बधिर आहे, असं काही दिसलं तर लेप बाजूला ठेवा आणि त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. तिथे घरचा प्रयोग करायचा नाही.