काचेच्या टाकीतली चिलापीची भावंडं



गटाच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "पोरांच्या हट्टापायी चार एंजल मासे आणले, आठ दिवसांत तीन मेले. रोज पोटभर खायला घालत होते, पाणीही रोज सगळं बदलत होते. मग चुकलं कुठं?" चुकलं ते नेमकं इथंच. पोटभर खाणं आणि रोजचं नवं पाणी.

एंजल, ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न हे सगळे सिक्लिड नावाच्या कुळातले. नाव परकं वाटेल, पण या कुळातला एक मासा तुम्ही बाजारात पाहिलाय, कालवणात खाल्लाय. तो म्हणजे चिलापी. मूळचा आफ्रिकेतला, १९५२ साली भारतात आणलेला. गोव्याच्या खाडीतला कालुंदर मात्र इथलाच सिक्लिड.

आता पाण्याचं बघू. माशांची घाण आणि उरलेलं खाणं कुजलं की पाण्यात अमोनिया तयार होतो. त्यानं कल्ले जळतात, मासा वर येऊन तोंड उघडझाप करतो. हे विष पचवणारे बारीक जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर वाढतात. नव्या टाकीत ते नसतात, वाढायला महिना-दीड महिना लागतो. दही लावायला विरजण लागतं ना, तसंच हे. कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या स्पंजचा तुकडा मागून आणा आणि आपल्या फिल्टरमध्ये ठेवा. सुरुवातीला एक-दोनच मासे सोडा.

ग्रामपंचायतीच्या नळाला टीसीएल पावडर टाकलेली असते. आपल्यासाठी ती हवीच, पण माशांचे कल्ले आणि ते जिवाणू दोन्ही तिनं मरतात. म्हणून नळाचं पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवा, मग वापरा. आठवड्यातून एकदा फक्त पाव टाकी पाणी बदला. स्पंज नळाखाली धुवायचा नाही, टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळायचा. खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच. एखाद्या दिवशी उपास घडला तरी बिघडत नाही.

बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, असं जड पाणी असेल तर आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले रंगीत सिक्लिड घ्या, त्यांना तेच मानवतं. एंजल दक्षिण अमेरिकेतल्या हलक्या पाण्याचा. दुकानातला एंजल थोडं जड पाणी सोसतो, पण एकदम नाही. आणलेली पिशवी अर्धा तास टाकीत तरंगत ठेवा, थोडं थोडं पाणी तिच्यात घाला.

ऑस्करचं मात्र मला पटत नाही. दुकानात बोटाएवढा गोंडस दिसतो, वर्षभरात वीतभराच्या पुढं जातो, पुढे फूटभर होतो, आणि तोंडात मावेल तो मासा गिळतो. दोन फुटी टाकीत त्याला ठेवणं म्हणजे बैल कोंबड्यांच्या खुराड्यात. फ्लॉवरहॉर्न तर एकटाच ठेवावा लागतो, इतका भांडखोर.

जुन्नरच्या थंडीत टाकीला हिटर हवा. पाणी २४ ते २८ अंश राहिलं पाहिजे. पाणी बदलताना, टाकीत हात घालताना हिटर आधी बंद करून पिन काढा. लाईट गेली तर खाणं देऊ नका, मगानं टाकीतलंच पाणी उंचावरून पुन्हा टाकीत सोडत राहा. फिल्टर बरेच तास बंद पडला तर स्पंज पिळूनच पुन्हा लावा, आत घाण कुजलेली असते. द्राक्षं-टोमॅटोवर फवारणी करून आलात तर टाकीत हात घालू नका. घरात डासांचा फवाराही मारू नका, एअर पंप तीच हवा पाण्यात ओढतो.

या कुळाची खासियत म्हणजे पोरांची राखण. एंजलची जोडी पानावर किंवा काचेवर अंडी घालते, दोघं मिळून परांनी वारा घालतात. पहिल्या वेळी बरेचदा स्वतःच अंडी खाऊन टाकतात. घाबरू नका, पुढच्या वेळी शिकतात. चिलापीची मादी अंडी तोंडात धरते आणि पिल्लं सुटी होईपर्यंत जवळजवळ उपाशी राहते. म्हणूनच तिची पिल्लं जगतात आणि चिलापी एकदा पाण्यात शिरली की हटत नाही.

आता महत्त्वाचं. मासे जास्त झाले, कंटाळा आला, म्हणून कुणी ते विहिरीत, घोड किंवा कुकडी नदीत, डिंभे-येडगावच्या धरणात सोडू नका. कुठला मासा तिथं टिकेल, दुसऱ्यांची अंडी-पिल्लं खाईल, कुठला रोग नेईल, आपल्याला सांगता येत नाही. डिंभ्याच्या पाण्यावर धरणात जमीन गेलेल्या आदिवासी कुटुंबांची मासेमारी चालते. नको असलेला मासा दुकानदाराला परत द्या, नाहीतर गटातल्या दुसरीला. टाकीचं जुनं पाणीही ओढ्यात न ओतता परसातल्या झाडांना घाला, अळू चांगलं फोफावतं.