खेळांच्या वखारी

वेंगुर्ले बंदराकडे जाताना डच वखारीचे अवशेष लागतात. १६३७ साली डचांनी ती थाटली. खाली गोव्यात पोर्तुगीज होते आणि त्यांची नाकेबंदी करणाऱ्या जहाजांना रसद हवी होती. माल पिकवणारा कोणीही असो, भाव वखारवाला ठरवायचा. संगणकावरच्या खेळांचा बाजार अभ्यासताना मला ही वखार सारखी आठवत होती.

पूर्वी खेळ सीडीवर यायचा. कुडाळहून आणलेली एक सीडी पाच घरांत फिरे, ओरखडा पडला की खेळ खलास. १२ सप्टेंबर २००३ रोजी अमेरिकेच्या वॉल्व्ह कंपनीने इंटरनेटवरून खेळ पोचवणारं ‘स्टीम’ सुरू केलं. पुढच्याच वर्षी आलेला ‘हाफ-लाइफ २’ दुकानातून खोक्यात विकत घेतला, तरी स्टीमचं खातं उघडल्याशिवाय खेळता येईना. गिऱ्हाईक तिथे बांधलं गेलं. आपल्याकडे रुपयांत किंमत दिसायला मात्र नोव्हेंबर २०१५ उजाडलं.

स्टीमसारख्या ऑनलाइन दुकानांत विक्रीतले ३० टक्के दुकानाचे, हा शिरस्ता होता. ६ डिसेंबर २०१८ रोजी ‘एपिक’ कंपनीने १२ टक्क्यांत दुकान मांडलं. त्याच्या जेमतेम आठवडाभर आधी वॉल्व्हनेही कपात जाहीर केली होती, पण खेळाची कमाई १ कोटी डॉलरच्या वर गेली तर पुढच्या विक्रीवर २५ टक्के आणि ५ कोटींच्या वर २० टक्के. म्हणजे सूट मिळाली ती आधीच गब्बर असलेल्यांना. मला हे पटलेलं नाही.

कारण पुण्याचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने ‘राजी’ हा प्राचीन भारतात घडणारा खेळ रचला. २०१७ मध्ये किकस्टार्टरवर मागितलेला निधी पुरा जमला नाही, तरी ते थांबले नाहीत. ऑक्टोबर २०२० मध्ये खेळ पीसीवर आला आणि त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळालं. कर बाजूला ठेवला, तर तेव्हा हजार रुपयांच्या विक्रीमागे स्टीमवर ३०० जात, एपिकवर १२०. अशा चमूसाठी मधले १८० म्हणजे कोणाचा तरी पगार असे.

गिऱ्हाइकाला ओढायला एपिकने फुकट खेळ वाटले. मे २०२० मध्ये ‘जीटीए ५’ फुकट मिळाला, तेव्हा गर्दीने दुकानच काही तास बंद पडलं. माझा भाचा जवळपास ९० जीबी उतरवत तीन रात्री जागा होता. “मामा, लायट जावक नये म्हणजे झाला,” एवढंच त्याचं पालुपद. विकत मात्र तो आजही स्टीमवरच घेतो. त्याचे मित्र तिथे, जुने खेळ तिथे. नव्या दुकानाला सर्वांत जड जातं ते हेच. इतर दुकानांत स्वस्त विकायला स्टीम आडकाठी करतं, असा आरोप करत खेळ बनवणाऱ्या वुल्फायर गेम्सने २०२१ मध्ये दावा लावला. वॉल्व्हला तो मान्य नाही.

ऑक्टोबर २०२४ पासून स्टीम पैसे भरतानाच सांगतं, की तुम्ही घेताय तो फक्त परवाना. पोलंडचं ‘जीओजी’ २००८ पासून कुलूप नसलेले खेळ विकतं. फाइल उतरवून घ्यायची, आपल्याजवळ ठेवायची. ‘राजी’ तिथेही मिळतो. भाच्यासाठी मी तो तिथूनच घेतला आणि पेन ड्राइव्हवर भरून ठेवला. गेल्या पावसाळ्यात चार दिवस इंटरनेट बंद होतं. लाइट असेल तेव्हा तो ‘राजी’ खेळत होता.