कॅमेरा समोर येण्याआधी

गणेशोत्सव जवळ आला की पेण, हमरापूर, जोहे इथल्या मूर्तिशाळांत वाहिन्यांचे कॅमेरे येतात. शाडू की पीओपी, भाव किती वाढले, हे प्रश्न ठरलेलेच. रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतल्या रासायनिक कारखान्यांवर मात्र पत्रकारांची गर्दी होते ती दुर्घटना घडली की. दोन्हीकडे बोलणाऱ्याची तयारी आधीच झालेली हवी.

माध्यम-प्रशिक्षणात नेमकं तेच शिकवतात. तीनच मुद्दे ठरवा. मुख्य गोष्ट पहिल्याच वाक्यात सांगा, कारण बातमीत तुमचे काही सेकंदच दिसतात. नजर प्रश्न विचारणाऱ्याकडे ठेवा. दुर्घटनेत आधी माणसांबद्दल बोला, मग खात्रीची माहिती द्या: “जखमी कामगारांवर उपचार सुरू आहेत. कारणाचा तपास चालू आहे. संध्याकाळी पुन्हा माहिती देऊ.” अंदाज बांधू नका आणि दिलेली वेळ पाळा.

भाषा सोपी ठेवा. रोह्यात १९२० साली जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवल्यांनी गीतेचा विचार कोळी-शेतकऱ्यांपर्यंत प्रवचनांतून पोहोचवला. तेव्हा आपल्या धंद्याची गोष्टही कोणालाही समजेल अशी सांगता येते. सरावासाठी मोबाइलवर स्वतःचं उत्तर रेकॉर्ड करा, घरच्यांना ऐकवा. त्यांना जे कळलं नाही, ते बदला.