सैनिकाच्या सेवाभिलेखातील सन्मानांची नोंद व तिची दुरुस्ती : पोखर्णी (जि. परभणी) या गावाच्या अनुषंगाने

सैनिकाने मिळविलेले पदक आणि त्या पदकाची सेवाभिलेखातील नोंद या दोन गोष्टी सामान्यतः एकच समजल्या जातात. वस्तुतः त्या एक नव्हेत. पदक धातूचे असते. ते हरवते, विकले जाते, प्रसंगी सोनाराच्या मुशीत जाते. नोंद कागदावर असते, आणि तो कागद सैनिकाच्या गावापासून शेकडो कोस दूर, त्याच्या पलटणीच्या अभिलेख कार्यालयात असतो. शासनाच्या दृष्टीने प्रमाण मानला जातो तो कागद. छातीवरील धातू नव्हे. घरात पदक असूनही अभिलेखात त्याचा उल्लेख नसेल, तर त्या सैनिकास वा त्याच्या विधवेस तत्संबंधीचा भत्ता मिळत नाही, आणि इतिहासकारालाही त्या पराक्रमाचा ठाव लागत नाही.

पोखर्णी हे परभणी तालुक्यातील गाव नृसिंहाच्या देवस्थानामुळे सर्वपरिचित आहे. परभणी-परळी लोहमार्गावर त्याचे स्थानकही आहे. येथे हे गाव निवडण्याचे कारण त्याचे लष्करी वैशिष्ट्य हे नव्हे. सातारा अथवा कोल्हापूर या जिल्ह्यांप्रमाणे मराठवाडा हा सैन्यभरतीचा जुना मुलूख मानला जात नाही, आणि म्हणूनच येथील सैनिकाच्या कागदपत्रांत ज्या अडचणी एकत्र येतात, त्या अन्यत्र क्वचितच आढळतात.

या गावचा एक तरुण १९५४ साली मराठा पलटणीत भरती झाला आणि १९६६ साली, निवृत्तिवेतनास आवश्यक अशी पंधरा वर्षांची सेवा पुरी होण्यापूर्वीच, सेवामुक्त झाला असे क्षणभर कल्पू. भरतीच्या वेळी त्याच्या नावापुढे 'जिल्हा परभणी, हैदराबाद राज्य' असे लिहिले गेले असणार. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेने मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून तो महाराष्ट्रात आहे. म्हणजे गाव जागचे हलले नाही, परंतु बारा वर्षांत त्याच्या पत्त्यातील राज्य दोनदा बदलले. गावाच्या नावाचीही कथा अशीच. इंग्रजी लिपीत कारकून जसे ऐकेल तसे लिहितो. त्यामुळे पोखर्णीचे पोकर्नी होते, पोखरनी होते, किंवा चक्क पोखरी होते. पोखरी नावाची गावे मराठवाड्यात अनेक असल्याने हा शेवटचा प्रमाद केवळ शुद्धलेखनाचा राहत नाही, तो माणूसच बदलून टाकतो.

ज्या मूळ कागदांवरून नाव व वय सिद्ध करावयाचे, तेही सरळ नाहीत. निजामी राजवटीत महसुलाचे व शाळांचे दप्तर प्रामुख्याने उर्दूत असे. उर्दू लेखनात ऱ्हस्व स्वर बहुधा लिहिले जात नाहीत, त्यामुळे मराठी आडनाव वाचताना वाचकास तर्क करावा लागतो. कालगणना फसली सनाची. हैदराबादच्या फसली सनात सुमारे ५९० मिळविले असता इसवी सन येतो. तथापि त्या वर्षाचा आरंभ जानेवारीत होत नसल्याने एका वर्षाची चूक सहज घडते, आणि महिने आजूर, दै, बहमन अशा इराणी नावांचे. शालेय नोंदीतील जन्मवर्ष व भरतीच्या वेळचे जन्मवर्ष यांत दोन-तीन वर्षांचा फरक दिसला की, ही एकच व्यक्ती की दोन, असा प्रश्न अभिलेख कार्यालय उपस्थित करते. तो प्रश्न अर्जदारास त्रासदायक वाटला तरी गैरवाजवी म्हणता येणार नाही.

आता सन्मानाची नोंद मुळात कशी होते ते पाहू. शिपायापासून कनिष्ठ राजादिष्ट अधिकाऱ्यापर्यंतच्या सैनिकांची कागदपत्रे त्या त्या रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयात ठेवली जातात. मराठा लाइट इन्फंट्रीचे हे कार्यालय बेळगावी आहे, महार रेजिमेंटचे सागर येथे. सैनिकाच्या आयुष्यात जे जे घडते, म्हणजे विवाह, अपत्यजन्म, बढती, जखम, पदक, ते ते 'पार्ट टू ऑर्डर' या नावाच्या आदेशाद्वारे प्रसिद्ध होते आणि त्यावरून शीट रोल या मूळ पत्रकात उतरविले जाते. सैनिकाच्या हाती राहते ते डिस्चार्ज बुक हा त्या पत्रकाचा सारांश होय. आदेश निघालाच नाही, किंवा निघूनही पत्रकात उतरला नाही, तर पुढची सर्व साखळी तुटते.

ही साखळी तुटण्याचे सर्वांत साधे, आणि बहुधा सर्वांत व्यापक, कारण कोणाच्या निष्काळजीपणात नसून कालक्रमात आहे. युद्ध आधी होते, पदक मागाहून निर्माण होते. १९६५ च्या युद्धासाठी समर सेवा स्टार व रक्षा पदक यांची स्थापना १९६७ साली झाली. १९७१ च्या युद्धाचे पूर्वी स्टार व पश्चिमी स्टार १९७३ साली अस्तित्वात आले. पोखर्णीचा उपरोक्त सैनिक १९६६ सालीच घरी परतलेला. ज्या दिवशी त्याचे डिस्चार्ज बुक लिहून पुरे झाले, त्या दिवशी त्याला मिळावयाचे पदक जन्मासही आले नव्हते! त्याच्या पुस्तकात ते नसणे ही चूक नव्हे. परंतु पुढे ते भरून न घेणे ही उणीव आहे, आणि ती भरून काढण्यासाठी अर्ज कोणी करावयाचा हे त्यास कोणी सांगितलेले नसते.

उलट बाजूचे उदाहरण सर्वश्रुत आहे. बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांनी एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी मार्गावर सुरुंग व अडथळे दूर करून रणगाड्यांना वाट करून दिली. त्या वेळी परमवीर चक्र हे पदकच नव्हते. २६ जानेवारी १९५० रोजी ते स्थापन झाले, तेही १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या पूर्वलक्षी प्रभावाने, आणि राणे यांच्या सन्मानाची घोषणा जून १९५० मध्ये झाली. पराक्रम व नोंद यांत दोन वर्षांहून अधिक अंतर पडूनही येथे काही बिघडले नाही, कारण राणे सेवेतच होते व सन्मान सर्वोच्च होता. सामान्य शिपायाच्या सहभागपदकास हे दोन्ही आधार नसतात.

दुसरे कारण नावांच्या बदलाचे. १९५२ साली अशोक चक्र हा सन्मान तीन वर्गांत निर्माण झाला; १९६७ साली द्वितीय वर्गास कीर्ती चक्र व तृतीय वर्गास शौर्य चक्र अशी नावे मिळाली. जुन्या पत्रकात 'अशोक चक्र, वर्ग तीन' असे असेल तर ते आजचे शौर्य चक्र होय. परंतु घाईने वाचणारा त्यास एक तर अशोक चक्र समजतो, किंवा तपशील जुळत नाही म्हणून बाजूस सारतो. सेना पदकाची गोष्ट याहून नाजूक आहे. १९६० साली स्थापन झालेले हे पदक पुढे शौर्यासाठी व विशिष्ट सेवेसाठी असे दोन प्रकारांत विभागले गेले, आणि मासिक भत्ता केवळ शौर्यासाठीच्या पदकास लागू आहे. पत्रकात नुसते 'सेना पदक' असेल तर मूळ प्रशस्तिपत्र शोधल्यावाचून गत्यंतर नसते. ऑगस्ट २०१७ पासून केंद्र शासनाने हे भत्ते दुप्पट केले; परमवीर चक्रास दरमहा २०,००० रुपये, वीर चक्रास ७,०००, तर शौर्यासाठीच्या सेना पदकास २,००० असे ते ठरले. समर सेवा स्टारसारख्या सहभागपदकास असा भत्ता नाही. तरीही त्यांच्या नोंदीसाठी माणसे वर्षानुवर्षे पत्रव्यवहार करतात, यावरून या प्रश्नाचे मूळ केवळ द्रव्यात नाही हे उघड आहे.

दुरुस्तीच्या विचारात एक भेद काटेकोरपणे पाळला पाहिजे, आणि अर्जदार नेमका तोच विसरतात. शासनाने दिलेल्या, अथवा नियमाने देय ठरलेल्या, सन्मानाची नोंद नसणे हे एक. आणि सन्मान मिळावयास हवा होता परंतु मिळाला नाही, हे दुसरे. पहिल्यात अर्जदार राजपत्र वा आदेश दाखवून, किंवा विहित क्षेत्रातील सेवा सिद्ध करून, ज्यास तो पात्र आहे तेच मागतो. तेथे कार्यालयास नकाराला फारसा वाव नाही. दुसऱ्यात तो शासनाच्या विवेकाधीन निर्णयाची फेरतपासणी मागतो, आणि दशकांनंतर ती मिळणे अतिशय दुर्घट असते. साक्षीदार बहुधा हयात नसतात, शिफारस करणारा अधिकारीही नसतो. कित्येक न्याय्य अर्ज केवळ या दोन मागण्यांची सरमिसळ झाल्याने फेटाळले जातात, असे मानावयास जागा आहे.

पुराव्याच्या बाबतीत जगातील अनुभव उद्बोधक आहे. अमेरिकेत सेंट लुई येथील अभिलेखागारास १२ जुलै १९७३ रोजी आग लागून सुमारे १ कोटी ६० लक्ष ते १ कोटी ८० लक्ष सैनिकांची पत्रके नष्ट झाली. लंडनमध्ये सप्टेंबर १९४० च्या बाँबहल्ल्यात पहिल्या महायुद्धातील शिपायांची निम्म्याहून अधिक कागदपत्रे जळाली. भारतात अशा आगीची आवश्यकताच पडली नाही. निवृत्तिवेतन न घेणाऱ्या सैनिकाची कागदपत्रे सेनेच्या विनियमांतील परिच्छेद ५९५ अन्वये पंचवीस वर्षांनंतर नष्ट केली जातात. १९६६ साली सेवामुक्त झालेल्या सैनिकाचा शीट रोल, या हिशेबाने, १९९१ नंतर मिळण्याची आशा नाही. शिल्लक राहतो तो 'लाँग रोल', म्हणजे नाव, क्रमांक, भरती व सेवामुक्तीची तारीख इतकाच मजकूर असलेली कायम नोंदवही. येथे एक विसंगती लक्षात येते. संरक्षण मंत्रालयाच्या २०२१ च्या धोरणानुसार युद्धविषयक कागद साधारणतः पंचवीस वर्षांनी अभ्यासकांस खुले व्हावयाचे आहेत. म्हणजे पलटणीची युद्धदैनंदिनी वाचावयास मिळू लागेल त्याच सुमारास तीत लढलेल्या शिपायाचे पत्रक रद्दीत गेलेले असेल. धोरण आखणाऱ्यांच्या हे ध्यानात आले नसावे.

अशा स्थितीत पदकाच्या धातूकडेच पुन्हा वळावे लागते. दुसऱ्या महायुद्धातील पदके ब्रिटिश सैनिकांना निनावी दिली गेली. भारतीय सैनिकांच्या पदकांच्या कडेवर मात्र क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण कोरलेली असे. पहिल्या महायुद्धाच्या पदकांवरही अशी अक्षरे आहेत. घरातील पेटीत असे पदक सापडल्यास त्याची कड भिंगाने वाचणे हे पहिले काम होय, आणि ते घासून लखलखीत करण्याचा मोह टाळणे हे त्याआधीचे. मात्र कोरलेले नाव कुटुंबाच्या आजच्या नावाशी अक्षरशः जुळेल अशी अपेक्षा ठेवू नये. व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी नामदेव जाधव यांचे आडनावसुद्धा इंग्रजी ग्रंथांतून दोन-तीन तऱ्हांनी लिहिलेले आढळते. मग पोखर्णीच्या शिपायाची काय कथा? सैनिक क्रमांक हाच खरा दुवा असून नाव हे त्याचे पूरक समजावे.

मार्गाविषयी थोडक्यात. अर्ज प्रथम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत अभिलेख कार्यालयाकडे जातो. तेथे दाद न मिळाल्यास माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने लाँग रोल, पार्ट टू ऑर्डर व कागद नष्ट केल्याचे प्रमाणपत्र यांच्या प्रती मागता येतात. त्यानंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरण. २००७ च्या कायद्याने निर्माण झालेल्या या न्यायाधिकरणाचे मुंबई येथील खंडपीठ महाराष्ट्रासाठी आहे. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांची मुदत कलम २२ मध्ये घातली आहे, परंतु पुरेसे कारण दाखविल्यास विलंब क्षम्य होतो. अमेरिकेत १९४६ च्या कायद्याने सैनिकी अभिलेखांच्या दुरुस्तीसाठीच नागरी सदस्यांची स्वतंत्र मंडळे स्थापन झाली. भारतात तसे मंडळ नाही. त्यामुळे केवळ लेखनिकाच्या चुकीसाठीही माणसास वादी व्हावे लागते, हे या व्यवस्थेतील मोठेच वैगुण्य आहे.

भत्त्याच्या थकबाकीबाबत सर्वोच्च न्यायालयाचा तरसेम सिंग प्रकरणातील २००८ चा निर्णय मार्गदर्शक ठरतो. निवृत्तिवेतनासारखे देणे दरमहा नव्याने बुडत असल्याने हक्क मुदतबाह्य होत नाही, परंतु थकबाकी सामान्यतः अर्जापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते, असे त्यात सांगितले आहे. चाळीस वर्षांपूर्वीच्या चुकीची भरपाई अशा रीतीने तीन वर्षांवर येते.

मागणी मान्य झाल्यावर जुनी नोंद खोडली जात नाही. नवा पार्ट टू ऑर्डर निघतो, त्यात पूर्वीच्या आदेशाचा क्रमांक व दिनांक देऊन 'याऐवजी असे वाचावे' असा मजकूर असतो, आणि दोन्ही आदेश दप्तरात राहतात. शीट रोल उरलेला नसेल तर हा नवा आदेशच त्या सैनिकाच्या सेवेचा सर्वांत विस्तृत उपलब्ध कागद ठरतो. म्हणून त्यात गावाचे नाव 'पोखर्णी, तालुका व जिल्हा परभणी' असे पूर्ण लिहून घ्यावे, आणि भरतीच्या वेळी झालेले लेखनही त्याच्या शेजारी नोंदवून घ्यावे.