चुका पोटात घालणारे विमान

रेडिओवर चालणाऱ्या छोट्या विमानाला आपल्याकडे सरसकट खेळणे म्हणतात. त्यामुळे त्याच्याविषयी गांभीर्याने लिहावे असे फारसे कुणाला वाटत नाही. आपल्या मराठीत मोठ्या विमानांवर बरेच लेखन झाले, अवकाशयानांवर झाले. पण सातशे ग्रॅम वजनाचे फोमचे विमान हवेत का टिकते आणि नवशिक्याच्या हातून ते का पडते, हे कुणी नीट उलगडून सांगितलेले माझ्या वाचनात नाही. या लेखात प्रश्न एवढाच आहे : शिकाऊ विमान म्हणजे नेमके काय, आणि त्यात ‘सुधारणा’ केली की काय बदलते?

प्रश्न छोटा असला, तरी त्याच्यावर बरेच अवलंबून असते. या छंदाकडे वळलेली मुले आणि माझ्यासारखी वय झालेली मुलेही फार लवकर त्यातून बाहेर पडतात. पहिले विमान थोडे उडते, मग त्यात जोरदार मोटर बसवली जाते, एका सकाळी ते नाकावर आपटते आणि माळ्यावर जाते. बहुतेक विमाने मोडल्यामुळे संपत नाहीत, माळ्यावर पडून संपतात. शिकण्याची हौसही त्यांच्याबरोबरच वर ठेवली जाते.

रबरापासून विजेपर्यंत

स्वतःचा तोल स्वतः सांभाळणारे विमान प्रथम छोट्या प्रतिकृतीच्या रूपातच सिद्ध झाले. ऑगस्ट १८७१मध्ये आल्फोन्स पेनो या फ्रेंच तरुणाने पॅरिसच्या त्युलेरी बागेत ‘प्लॅनोफोर’ नावाची प्रतिकृती उडवून दाखवली. पिळलेल्या रबराच्या जोरावर ती ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर गेली. त्या अंतरापेक्षा महत्त्वाचे हे, की तिला हवेत कुणी सावरत नव्हते. पंखांची टोके किंचित वर उचललेली आणि मागे शेपटीचा छोटा आडवा पंख, एवढ्याच योजनेने ती सरळ राहिली. त्याच पेनोच्या आराखड्यावर बेतलेले, रबरावर उडणारे खेळणे १८७८मध्ये एका अमेरिकन धर्मोपदेशकाने आपल्या दोन लहान मुलांना आणून दिले. ती मुले म्हणजे विल्बर आणि ऑरविल राइट. तेव्हा खेळणे हा शब्द जरा जपून वापरलेला बरा.

रेडिओने विमान चालवण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते त्यांत वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या अमेरिकन भावांचे नाव आघाडीवर आहे. त्यांनी १९३७मध्ये उडवलेले ‘गफ’ हे विमान आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. वीज मात्र उशिरा आली, कारण तेव्हाच्या बॅटऱ्या वजनाच्या मानाने फार दुबळ्या होत्या. ३० जून १९५७ रोजी इंग्लंडमध्ये कर्नल टॅप्लिन यांच्या ‘रेडिओ क्वीन’ या विमानाने रेडिओच्या नियंत्रणाखाली विजेवर उड्डाण केले. अधिकृत नोंद असलेले असे हे पहिले उड्डाण. त्यात चांदी-जस्ताची बॅटरी होती. पुढे फ्रेड मिलिटकी यांनी छोट्या विद्युत-प्रतिकृतींवर वर्षानुवर्षे काम केले. त्यांच्याच खटपटीतून २१ ऑक्टोबर १९७३ रोजी ऑस्ट्रियात माणसाला घेऊन विजेवर उडणारे पहिले विमान वर गेले. प्रतिकृती आधी आणि मोठे विमान नंतर, हा क्रम इथेही तसाच राहिला.

शिकाऊ कशाला म्हणायचे

उदाहरण म्हणून जर्मनीच्या मल्टिप्लेक्स कंपनीचे ‘ईझीस्टार’ घेऊ. जगभर असंख्य लोक ज्यावर शिकले आणि ज्याच्यात असंख्यांनी फेरफार केले, असे हे फोमचे विमान. पंखांचा विस्तार सुमारे १.३७ मीटर, उडतानाचे वजन ७०० ग्रॅमच्या आसपास. मूळ रूपात त्याला एलेरॉन, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेला हलणाऱ्या पट्ट्या नाहीत. फक्त रडर, एलेव्हेटर आणि मोटरचा वेग. मोटर पंखांच्या मागे उंचावर बसवलेली, पाते मागून ढकलणारे. विमान नाकावर पडले तरी पाते जमिनीला लागत नाही.

पेनोची युक्ती इथेही आहे. पंखांची टोके वर उचललेली असल्याने विमान एका बाजूला कलले की ते त्या बाजूला घसरू लागते, खालच्या पंखाला हवा जास्त कोनात भिडते, तो पंख उचलला जातो आणि विमान आपोआप सरळ होते. म्हणजे गोंधळ उडाल्यावर नवशिक्याने दोन्ही काड्या सोडून दिल्या आणि विमान पुरेसे उंचावर असले, तर ते बहुधा स्वतःच सावरते. आई जशी चूक पोटात घालते, तसे हे विमान चूक पोटात घालते. ‘शिकाऊ’ या शब्दाचा खरा अर्थ हा आहे. स्वस्त किंवा हळू एवढ्याने विमान शिकाऊ होत नाही.

आणि म्हणूनच प्रत्येक सुधारणेला एक प्रश्न विचारावा लागतो : ही विमानाची क्षमाशीलता वाढवते की खर्ची घालते?

विजेचे गणित

जुन्या शिकाऊ विमानांत ब्रश असलेली मोटर आणि निकेलच्या पेशींची बॅटरी असे. अशा सात पेशी, प्रत्येकी १.२ व्होल्ट, म्हणजे ८.४ व्होल्ट. समजा मोटर १० अँपिअर ओढते. बॅटरीतून ८४ वॉट जातात. पण अशा छोट्या मोटरची कार्यक्षमता निम्म्याच्या आसपास असल्याने पात्यापर्यंत ४२च वॉट पोहोचतात. उरलेली निम्मी शक्ती ब्रश आणि तारा तापवण्यात जाते.

इथे पहिला मोह होतो तो फक्त बॅटरी बदलण्याचा. तीन पेशींची लिथियम पॉलिमर बॅटरी ११.१ व्होल्टची, तीच जुन्या मोटरला जोडली तर? व्होल्टेज १.३२ पट झाले. पात्याचे फेरे साधारण त्याच प्रमाणात वाढू पाहतात. पण पाते फिरवायला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. १.३२चा घन २.३. म्हणजे आधीच तापणाऱ्या मोटरकडून आपण सव्वादोन पटींहून जास्त काम मागतो. ती काही उड्डाणे जोमाने करते आणि जळते.

योग्य बदल तिहेरी असतो : ब्रश नसलेली मोटर, तिच्यासाठीचा वेगळा वेगनियंत्रक आणि लिथियम बॅटरी. अशा मोटरची कार्यक्षमता ७५ ते ८० टक्के असू शकते. ११.१ व्होल्टला ८ अँपिअर म्हणजे सुमारे ८९ वॉट. बॅटरीवरचा ताण जवळपास पूर्वीइतकाच, पण पात्यापर्यंत सुमारे ७० वॉट जातात. थोडक्यात, चांगली सुधारणा म्हणजे आधी नासाडी थांबवणे. आपल्या घरखर्चाला लागू असलेलाच हा नियम आहे.

किती शक्ती पुरे? शिकाऊ विमानाला किलोमागे १५० ते २०० वॉट, असा प्रतिकृतीकारांचा अनुभवसिद्ध ठोकताळा आहे. ६०० ग्रॅमच्या विमानाला ९० ते १२० वॉट झाले. १३०० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीतून ८० टक्केच वापरायचे ठरवले, तर १० अँपिअरला सहा मिनिटे मिळतात; साध्या सरळ उड्डाणाला लागणाऱ्या साडेतीन अँपिअरला सतरा मिनिटांहून जास्त. ही आकडेमोड कागदावरची. खरा आकडा वॉटमीटर जोडून पाहावा, आणि तो मोटर व वेगनियंत्रक यांच्या मर्यादेत आहे ना याची खात्री करावी.

एक बारीक गोष्ट नेहमी निसटते. निकेलसाठी बनवलेल्या जुन्या वेगनियंत्रकाला लिथियमची किमान मर्यादा ठाऊक नसते. लिथियमची पेशी ३ व्होल्टच्या खाली गेली की कायमची बिघडते. वेगनियंत्रक नव्या बॅटरीनुसार बदललेला किंवा जुळवलेला नसेल, तर पहिल्याच लांब उड्डाणात नवी बॅटरी हातची जाते.

वजनाची किंमत

शक्ती वाढली की तिचे परिणाम इतर ठिकाणी निघतात. ईझीस्टारची मोटर गुरुत्वमध्याच्या वर आहे. त्यामुळे ढकल वाढताच विमानाचे नाक आधी खाली दबते आणि मोटर बंद करताच वर येऊ पाहते. मूळच्या दुबळ्या मोटरला हे फारसे जाणवत नाही. जोरदार मोटरला चांगलेच जाणवते. हाताने फेकताना पूर्ण जोर दिला तर विमान समोरच्या मातीकडेच निघते. म्हणून अर्ध्या ते दोन-तृतीयांश जोरावर फेकावे आणि वेग आल्यावर हळूहळू वाढवावे.

दुसरा परिणाम तोलाचा. सात निकेल पेशींचे वजन सुमारे २०० ग्रॅम. त्या जागी आलेली लिथियम बॅटरी ११० ग्रॅमची. वजन घटले याचा आनंद होतो, पण ते नाकातून घटले. गुरुत्वमध्य मागे सरकला. प्रतिकृतीकारांत एक म्हण आहे : नाकजड विमान वाईट उडते, शेपूटजड विमान एकदाच उडते. म्हणून बॅटरी पुढे सरकवून, पंखांखाली दोन बोटे धरून, सांगितलेल्या जागी विमान तोलल्याशिवाय ते फेकू नये.

याच्या उलट, दुप्पट मोठी बॅटरी, कॅमेरा, चाके असे करत करत ७०० ग्रॅमचे विमान ९०० ग्रॅमचे झाले तर? ज्या किमान वेगाला पंख हवेवरची पकड सोडतात, तो वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. इथे सुमारे १३ टक्के. ऐकायला थोडे वाटते. पण त्या वेगाने आपटताना अंगात असलेली ऊर्जा वजन आणि वेगाचा वर्ग या दोन्हींनी वाढते, म्हणजे सुमारे ६५ टक्के. ज्या पडण्यात पूर्वी फोमला नुसता पोचा येत होता, त्यात आता नाक तुटते. विमान तेच असते, पण त्याची क्षमाशीलता संपलेली असते.

एलेरॉन कापून बसवणे ही आणखी एक आवडती सुधारणा. वळणे नेमकी होतात हे खरे. पण ते नीट चालावेत म्हणून पंखांची उचल कमी केली, की काड्या सोडल्यावर सावरणारे विमान उरत नाही.

हाताची सुधारणा

उड्डाणात नवशिक्याला नडतात त्या गोष्टी तीनच. पहिली, विमान आपल्याकडे येऊ लागले की उजवे-डावे उलटते. यावर सोपा तोडगा : जो पंख खाली झुकला असेल, काडी त्याच बाजूला न्यायची, जणू त्या पंखाला खालून टेकू द्यायचा. दुसरी, विमान खाली येताना दिसले की काडी ओढून नाक वर करण्याची धडपड. वेग नसताना नाक वर केले की पंख हवेवरची पकड सोडतात. आधी वेग, मग उंची. तिसरी गोष्ट वारा. वाऱ्याच्या दिशेने जाणारे विमान जमिनीवरून वेगवान दिसते, म्हणून माणूस मोटर कमी करतो. पंखांना मात्र आजूबाजूच्या हवेतला वेग लागतो, जमिनीवरचा नाही.

आपल्या देशावर पाऊस ओसरल्यानंतरच्या सकाळी यासाठी उत्तम. ऊन तापले की जमिनीवरून उष्ण हवेचे स्तंभ उठतात. घारी त्यांच्यावर पंख न हलवता घिरट्या घेतात, नवशिक्याचे हलके विमान मात्र भरकटते. संक्रांतीच्या दिवसांत मांजाचे आकाश टाळावे.

सुरक्षिततेच्या बाबतीत तडजोड नाही. फुगलेली लिथियम बॅटरी वापरू नये, चार्ज करताना तिला एकटे सोडू नये, उन्हाळ्यात बंद गाडीत ठेवू नये. ठेवणीत असताना प्रत्येक पेशी ३.८ व्होल्टच्या आसपास असावी. ट्रान्समीटरचा संपर्क तुटला तर मोटर आपोआप बंद होते ना, हे दर वेळी पाते काढून तपासावे. माणसांच्या डोक्यावरून उडवू नये. ड्रोन नियम, २०२१ने आकाशाचे हिरवे, पिवळे आणि लाल असे भाग केले आहेत. आपले मैदान कशात येते हे नकाशावर पाहूनच निघावे. हिरव्या भागातही साधारण मर्यादा १२० मीटर उंचीची आहे.

या सगळ्यातून सुधारणांचा एक क्रम निघतो. आधी गुरुत्वमध्य आणि सरळ पंख, ज्याला पैसे लागत नाहीत. मग दुरुस्ती शिकणे : या विमानाचा फोम फेविक्विकसारख्या गोंदाने जुळतो, साधा थर्माकोल मात्र त्याने विरघळतो. मग मोटर-बॅटरीची जोडी, आणि एलेरॉन सर्वांत शेवटी, जेव्हा विमानाने स्वतः सावरण्याची गरज हाताला उरत नाही तेव्हा. विमानातून काढून घेतलेली प्रत्येक क्षमा हातात कौशल्य म्हणून आधी जमा झालेली असावी लागते. ती तशी जमा झाली असेल तर जोरदार मोटर आनंद देते. नसेल तर ती विमानाला माळ्याकडे नेते, एवढेच.