घोडदळाचे तुरेवाले शिरस्त्राण : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गैरसमज : चकचकीत, तुरेवाली शिरस्त्राणे चढवून गोरे स्वार १८०३ मध्ये अहमदनगरवर (आताचे अहिल्यानगर) चालून आले. ती शिरस्त्राणे तलवार आणि गोळी दोन्ही अडवत.

वस्तुस्थिती : हे चित्र खरे नाही. चित्रांत हमखास दिसणारे ते टोकदार शिरस्त्राण आणि त्यावरून झुलणारा घोड्याच्या केसांचा तुरा लंडनच्या हाउसहोल्ड कॅव्हलरीचा, म्हणजे राजरक्षक घोडदळाचा. हा नमुना ठरला १८४२ मध्ये. ब्रिटिश सेनापती वेलस्लीने नगरची पेठ ८ ऑगस्ट १८०३ रोजी घेतली ती शिड्या लावून तटावर चढणाऱ्या पायदळाच्या बळावर. किल्ला १२ ऑगस्टला ताब्यात आला, तोही तोफांच्या माऱ्यानंतर. तटाला घोडेस्वार भिडत नाहीत, एवढे तरी ध्यानात घ्यायला हवे.

राहिला संरक्षणाचा मुद्दा. पातळ धातूचा पत्रा तलवारीचा वार काहीसा झेली, बंदुकीची गोळी नव्हे. तुरा तर शोभेचाच. १८५४ मध्ये क्रिमियातील बालाक्लाव्हाच्या लढाईत ब्रिटिश हेवी ब्रिगेडचे ड्रगून स्वार शिरस्त्राणांवरचे तुरे न लावताच लढले. ब्रिटिश सैन्याने पोलादी शिरस्त्राण आणले १९१५ मध्ये, तेही मुख्यतः वरून पडणाऱ्या तोफगोळ्यांच्या तुकड्यांसाठी. सरळ आलेली रायफलची गोळी त्यालाही भेदून जाई.

दख्खनमधल्या रिसाल्यांच्या डोक्यावर तर असे शिरस्त्राण नव्हतेच. १८१७ मध्ये उभ्या राहिलेल्या पूना हॉर्ससारख्या पथकांत शिलेदारी पद्धत होती : घोडा आणि बराचसा सरंजाम स्वाराचा स्वतःचा. डोक्याला पागोटे. पुढे भारतीय रिसाल्यांत ‘लुंगी’ रूढ झाली. मधोमध निमुळता कुल्ला, त्याभोवती लांब कापडाचे घट्ट वेढे आणि पाठीवर सोडलेला शेमला. ही निव्वळ सजावट समजणे ही दुसरी चूक. एकावर एक बसलेले कापडाचे पदर वाराचा जोर पसरवतात, आणि धार बोथट असेल तर तलवार त्यांत अडकून राहते. शिवाय डोके उन्हापासून वाचते. इथल्या उन्हात हे मोलाचे होते. गोऱ्या पलटणींनाही भारतात अखेर हलक्या सोला टोप्या वापराव्या लागल्या.

इतर गैरसमज, थोडक्यात

*बझ्बी आणि बेअरस्किन एकच.* नाही. बझ्बी ही हुस्सार स्वारांची आखूड केसाळ टोपी, तिचा उगम हंगेरीत. उंच बेअरस्किन प्रामुख्याने पायदळी गार्डांचे. घोडदळात ते स्कॉट्स ग्रेज रेजिमेंटकडे होते.

*लान्सरांची चौकोनी माथ्याची टोपी ब्रिटिशांची कल्पना.* नाही. ती पोलिश भालाइतांकडून घेतलेली आहे.

*शिरोभूषण ही किरकोळ बाब.* १० जुलै १८०६ चा वेल्लोरचा उठाव पाहावा. शिपायांवर लादलेली नवी टोपी त्याच्या मुख्य कारणांपैकी एक होती.

*चिलखती दलाची काळी बेरे टोपी शोकचिन्ह आहे.* मुळीच नाही. ब्रिटनच्या रॉयल टँक कोअरने ती १९२४ मध्ये स्वीकारली ती सोयीसाठी : काळ्या रंगावर तेला-ग्रीसचे डाग दिसत नाहीत, आणि काठ नसल्याने रणगाड्याच्या अरुंद झडपेतून ये-जा करताना ती अडकत नाही. १९४८ पासून नगरला असलेल्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये प्रशिक्षण घेणारे जवान हीच टोपी घालतात आणि शीख जवान काळी पगडी बांधतात. पूना हॉर्स आणि डेक्कन हॉर्स ही जुनी घोडदळे आज रणगाड्यांची रेजिमेंटे आहेत.